दुपारी हवेचं प्रेशर पडतं, मोठा कॉम्प्रेसर घ्यावा का?

सहा व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं), १५ एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर, पावणेतीनला प्रेशर ७ वरून ५ बारवर, म्हणून २५ एचपी घ्यायचा विचार आहे असं लिहिलंय तुम्ही. घेऊ नका. निदान एक रविवार थांबा.

भोसरीत मी मेंटेनन्स बघायचो तिथे हेच दुखणं होतं. टूल चेंजला (मशीन स्वतः हत्यार बदलतं तेव्हा) लो एअरचा अलार्म, मशीन उभं. परचेस बघणारे शेठचे मेव्हणे म्हणाले, "कॉम्प्रेसर छोटा पडतोय." मी म्हणालो, साहेब, हवेची लाइन एक इंची आहे. आमचं कोण ऐकतं! आधी सेटिंग ८ वर नेलं. बारामागे वीज सहा-सात टक्के जास्त, वर गळतीही वाढली. मग दुसरा कॉम्प्रेसर आला, पेढे वाटले. पावणेतीनला अलार्म वाजलाच.

शेवटी एका रविवारी सगळी मशीनं बंद ठेवून जुना एकटा चालवला. लोड (हवा भरणं) ३० सेकंद, अनलोड (नुसतं रिकामं फिरणं) ६०. म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या एक तृतीयांश हवा कोणी न वापरताच गळून जात होती. हेल्परला घेऊन साबणाचं पाणी लावत फिरलो. कपलर, एफआरएल (मशीनवरचा हवेचा फिल्टर-रेग्युलेटर), पीयू (प्लास्टिकच्या) पाइपची टोकं, सगळीकडे फेस. आणि पावणेतीन? शिफ्ट सुटताना सगळे एकदम एअर गन घेऊन चिप्स (धातूचा चुरा) उडवायचे, अंगावरच्या कपड्यांसकट. (अंगावर हवा मारू नका हे सांगून जीभ झिजली.)

लाइन दोन इंची केली. व्यास दुप्पट झाला की तेवढ्याच हवेला दाबाचा तोटा तिसाव्या हिश्श्यावर येतो. व्हीएमसींजवळ ५०० लिटरची टाकी, तिच्या आधी एनआरव्ही (हवा उलटी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), आणि गनची लाइन एनआरव्हीच्या अलीकडून. ७ वरून ६ बारवर येईपर्यंत ती टाकी ५०० लिटर मोकळी (बाहेरच्या दाबाला मोजलेली) हवा देते. टूल चेंजला भरपूर, चार गनना अर्धा मिनिटही नाही. म्हणून तो एनआरव्ही.

मुख्य टाकी सीएफएममागे (मिनिटाला एक घनफूट हवेमागे) १०-१५ लिटर धरा. १५ एचपी साधारण ६० सीएफएम देतो, म्हणजे ६०० ते ९०० लिटर.

आता, गळती काढूनही कॉम्प्रेसर दिवसभर लोडवरच असेल तर तो खरंच छोटा आहे, घ्या. किती एचपी, ते मशीनच्या हवेचे आकडे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. फिल्टर चोक आहे का तेही बघा.

आणि तुमच्याकडे असे मेव्हणे असतील तर रविवारी स्टॉपवॉच त्यांच्याच हातात द्या. मी नुसता आकडा सांगितला, तर म्हणाले, घड्याळ तपासून घे.