वाचक विचारतात: पेक्स पाइपला कॉपरची रिंग की स्टीलचा क्लॅम्प?

प्रश्न: घरातली पाण्याची लाइन बदलतोय, पाइप अर्धा इंची पेक्स-बी आहे (पेक्स म्हणजे लवचिक प्लास्टिकचा पाइप; ए, बी हे त्याचे प्रकार). फिटिंग्ज मात्र इकडून तिकडून जमल्यात, काही पितळेच्या, काही प्लास्टिकच्या. कॉपरची क्रिंप रिंग (टूलने दाबून आवळायची कडी) लावू की स्टीलचा क्लॅम्प, दोन्ही मिक्स चालतात का? आणि चार-पाच फिटिंग्ज पाइपात जातच नाहीयेत, पाइप गरम करून ढकलू का?

उत्तर: अजिबात ढकलू नका, त्या फिटिंग्ज तुमच्या जोडाच्या नाहीतच. रिंग की क्लॅम्प हे नंतर बघू, आधी सगळ्या फिटिंग्ज उजेडात धरा आणि अंगावरचा मानकाचा नंबर वाचा, त्यावरून फिटिंगची जात कळते. एफ१८०७ म्हणजे पितळेसारख्या धातूची इन्सर्ट (पाइपच्या आत सरकवायची) फिटिंग, एफ२१५९ म्हणजे तीच पद्धत पण प्लास्टिकची. या दोन्हींना कॉपर रिंगही चालते आणि स्टीलचा क्लॅम्पही, एकाच लाइनवर दोन्ही आले तरी काही बिघडत नाही. ज्या आत जात नाहीत त्यांच्यावर बहुतेक एफ१९६० सापडेल. त्या एक्स्पान्शनच्या, म्हणजे पाइपवर पेक्सचीच जाड रिंग चढवायची, टूलने दोन्ही एकदम फाकवायचं, फिटिंग घालायची आणि पाइप आपणहून आवळत परत येतो. ही पद्धत मुळात पेक्स-ए साठी, काही कंपन्यांचा पेक्स-बी सुद्धा चालतो पण तसं कंपनीने सांगितलेलं असेल तरच. या फिटिंगवर क्रिंप रिंग दाबून काम भागवायचा विचारसुद्धा नको, कंगोऱ्यांचा आकारच वेगळा असतो.

आता रिंग की क्लॅम्प. माझं मत विचाराल तर घरी स्वतः करणाऱ्याने क्लॅम्प घ्यावा. एकच टूल सगळ्या नेहमीच्या साइझला चालतं, फक्त क्लॅम्पचा कान (वर आलेला छोटा उंचवटा) दाबायचा असल्यामुळे भिंतीलगतच्या अडचणीच्या जागीही तोंड पोचतं, आणि रॅचेट असल्याने दाब पूर्ण झाल्याशिवाय टूल सुटतच नाही. कॉपर रिंगला साइझप्रमाणे वेगळा जबडा लागतो आणि टूलचं सेटिंग हललं तर कळत नाही, म्हणून गो/नो-गो गेज (रिंग नीट दाबली का ते तपासायचं खाचांचं माप) जवळ हवाच: गो वाली खाच रिंगवर बसली पाहिजे, नो-गो वाली बसता कामा नये. नाही जमलं तर त्याच रिंगवर परत दाबत बसू नका, तेवढा तुकडा कापून नवीन जोड करा.

दोन्हीत पाइप काटकोनात कापा, पूर्ण आत सरकवा आणि रिंग पाइपच्या टोकापासून ३ ते ६ मिमीवर ठेवा, अगदी कडेला आली की पकड जाते. दाबताना ती हळूच सरकते, तेव्हा टूल लावल्यावर परत एकदा बघा. भिंत बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न: माझ्याकडचा १६ मिमीचा पाइप अर्ध्या इंचीएवढाच दिसतो, तीच फिटिंग चालेल?

उत्तर: दिसतो खरा, कारण अर्धा इंची पेक्स बाहेरून १५.९ मिमी भरतो. पण १६ बाय २ च्या (बाहेरून १६ मिमी, भिंत २ मिमी) पाइपची भिंत थोडी जाड, आतलं भोक थोडं लहान, आणि मध्ये ॲल्युमिनियमचा थर असेल तर तो पाइपच वेगळ्या जातीचा. त्याला त्याच्याच फिटिंग्ज घ्या. आणि हो, स्क्रूने आवळायचा होज क्लॅम्प यातल्या कशालाच लावू नका.