वाचक विचारतात: व्हिएन्नाहून कुडाळला

या अंकासाठी आलेल्या पत्रांतली तीन पत्रं परतीच्या प्रवासाची निघाली. पहिलं जरा मोठं आहे पण मी ते फार कापलं नाही, कापावंसं वाटलं नाही.

प्रश्न: ताई नमस्कार, मी कुडाळची, वय 26, पतपेढीत नोकरी करते. शाळेत असल्यापासून अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टची फॅन आहे. तिची इराज टूर भारतात आलीच नाही, त्यातल्या त्यात जवळ म्हणजे मार्च 2024 मध्ये सिंगापूरला 6 शो झाले पण तिकिटं मिळाली नाहीत, मग दोन वर्षं साठवलेले पैसे काढले आणि ऑगस्टमध्ये युरोपला गेले, 2 तारखेला वॉर्सॉ आणि 9 तारखेला व्हिएन्ना असे दोन शो बघायला. वॉर्सॉ झालं, त्याबद्दल काय लिहू, स्वर्ग होता. व्हिएन्नात 7 तारखेला रात्री आम्ही हॉस्टेलवर शोमध्ये फॅन एकमेकांना देतात ती मण्यांची ब्रेसलेट ओवत बसलो होतो आणि फोनवर बातमी आली की हल्ल्याचा कट उघडकीला आलाय, तिथले तिन्ही दिवसांचे शो रद्द. दुसऱ्या दिवशी सगळे कॉर्नेलियसगासे नावाच्या गल्लीत जमले, तिच्या एका गाण्यातल्या रस्त्याच्या नावासारखं नाव आहे म्हणून, तिथं झाडाला ब्रेसलेट बांधली, गाणी म्हटली, मी पण म्हटली.

मग 11 ला निघाले, मध्ये एक विमान बदलून मुंबई, तिथून दादरला येऊन तुतारी एक्सप्रेस. गाडीत तीच गाणी लावली होती, कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात नेट गेलं आणि गाणं अर्ध्यात थांबलं तेव्हा मी पहिल्यांदा रडले, तोपर्यंत रडलेच नव्हते. आई स्टेशनवर छत्री घेऊन उभी, जुलैमध्ये दिवाणखवटीजवळ रुळांवर दरड आली होती म्हणून ती आधीच घाबरलेली. घरी आल्यावर म्हणाली, "एवडे पैशे घालून गेलंस, गावलां काय तुका?" मला उत्तरच देता आलं नाही. बाबा तर बोलतच नाहीत. आता तीन आठवडे झाले, ऑफिसात मन लागत नाही, गाणी ऐकवत नाहीत. मी चुकले का?

उत्तर: नाही गं, अजिबात चुकली नाहीस.

आधी तुझ्या आईच्या प्रश्नाबद्दल बोलते, कारण तो प्रश्न मी लहानपणी आमच्या घरात शेकडो वेळा ऐकलाय. माझे आजोबा कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की एका दशावतारी कंपनीच्या मागे फिरायचे. आज या गावची जत्रा, उद्या खाडीपलीकडची, परवा आणखी कुठं, पायी नाहीतर मिळेल त्या टेंपोत, कांबळं खांद्यावर टाकून. आजी वैतागून म्हणायची, "तुमी काल बघितलात तांच आज परत काय बघतात?" आणि आजोबा म्हणायचे, तां नाय गो, आज येगळां. ते खरंच बोलत होते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात, त्यामुळे कालचा राजा आज वेगळंच बोलतो, समोरचा त्याला कसा अडकवतो त्यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून माणसं मागे फिरतात. आपल्याकडे डबलबारी भजनाचं पण तेच, बुवा कुठला गजर घेणार आणि समोरच्या बुवाला काय उत्तर देणार हे आधी कुणाला ठाऊक असतं? त्यासाठी कणकवलीची माणसं रात्री मालवणला जातात आणि सकाळी तशीच कामाला हजर होतात.

तुझ्या बाबांना हे सांग. सांग की त्या शोमध्ये तीन तासांहून जास्त वेळ ठरलेली गाणी असायची, पण शेवटाकडे ती एकटी गिटार किंवा पियानो घेऊन बसायची आणि तेवढा भाग दर रात्री वेगळा असायचा, आज कुठली गाणी येणार ते स्टेडियममधल्या कुणालाच माहीत नसायचं. मार्च 2023 मध्ये अमेरिकेत ग्लेनडेलला टूर सुरू झाली तेव्हापासून माणसं एका गावाहून दुसऱ्या गावाला जात होती ती बरीचशी यासाठीच. बाबांना हे नक्की कळेल, कुडाळच्या माणसाला जत्रा समजवायला लागत नाही. आणि तिकिटाचे पैसे परत देऊ असं आयोजकांनी तेव्हाच जाहीर केलं होतं, तेही त्यांना सांग. विमानाचे गेले ते गेले, पैसे तुझे होते आणि तू ते कमावलेले होते.

आता तुझ्याबद्दल. व्हिएन्नाचा शो राहिला तो राहिलाच, त्याचं वाईट वाटू दे, "जाऊ दे, जीव तर वाचला" असं कोणी म्हटलं म्हणून गप्प बसू नकोस. जीव वाचला हे फार मोठं आहे, रोज साधारण 65 हजार माणसं त्या स्टेडियममध्ये जमणार होती. पण भीती आणि सुटका दोन्ही एकदम अंगावर आल्या ना की माणूस आधी नुसता सुन्न होतो, आपलं सामान गोळा करतो, तिकिटं बघतो, गाडी पकडतो आणि मग भलत्याच ठिकाणी बांध फुटतो. तुझा बोगद्यात फुटला. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, बाहेर पाऊस, आत काळोख आणि गाणं बंद, तिथं रडू येणारच होतं. (ज्या गाडीत रडलीस तिचं नाव आपल्या मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून ठेवलंय, हे मला सारखं आठवत राहिलं.)

आणि ती गल्ली. तू एका ओळीत उरकलीस, मी मात्र तिथंच थांबले. जत्रेत रात्रभर खेळ चालतो, पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते आणि ज्याच्या हातावर जेवढं पडेल तेवढं, मग माणसं घरी चालायला लागतात, डोळ्यांवर झोप आणि कानात अजून पखवाज आणि झांज. दहीकाला झाल्याशिवाय आजोबा कधी उठले नाहीत, कितीही पाऊस थंडी असो. तुला वाटतंय तुझा खेळ अर्धवट मोडला आणि तू तशीच उठून आलीस. पण अनोळखी देशात, गायिका समोर नसताना, स्टेज नाही, लाइट नाही, तिथं तुम्ही आपल्याच तोंडानं सगळी गाणी म्हटली आणि हातातली ब्रेसलेट एकमेकांना वाटली, झाडाला बांधली. माझ्या मते तू दहीकाला घेऊनच आलीस. आईला "काय गावलां" याचं उत्तर द्यायचं असेल तर ही गल्ली सांग, वॉर्सॉ नंतर सांग.

गाणी ऐकवत नाहीत तर आत्ता ऐकू नकोस, जबरदस्ती कशाला. गणपतीला चुलत मावस भावंडं येतील, त्यांना उरलेली ब्रेसलेट दे आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांग, बाबा माजघरात असतील तेव्हा सांग म्हणजे त्यांच्या पण कानावर जाईल.  हळूहळू थोडं थोडं ऐकवायला लागेल असं वाटतं. मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, गर्दीत छातीत धडधडत असेल आणि आणखी दोनतीन आठवड्यांत ते कमी झालं नाही, तर डॉक्टरांकडे जा, त्यात लाज कसलीच नाही.

प्रश्न: मी रत्नागिरीचा, वय 21. परदेशात लागोपाठ तीन रात्री कॉन्सर्ट बघून आलो, स्पीकरच्या अगदी जवळ होतो. घरी येऊन चार दिवस झाले तरी कानात शिट्टी वाजतेय. आई म्हणते विमानामुळे आहे.

उत्तर: विमानानं कानाला दडे बसतात, शिट्टी बहुतेक स्पीकरची आहे. 85 डेसिबल आवाजात 8 तास चालतात असं धरतात आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं, आणि तू तीन रात्री उभा होतास. एरवी एकदोन दिवसांत थांबायला हवं होतं. चार दिवस झालेत तर कान नाक घशाच्या डॉक्टरांना दाखवच, आणि एका कानानं अचानक कमी ऐकू येत असेल तर आजच जा, उशीर केला तर उपचाराचा उपयोग कमी होतो. कानात तेल घालू नकोस. तोपर्यंत इयरफोन बंद, आणि गणपतीत ढोल आणि डीजेपासून लांब राहा, पुढच्या वेळी खिशात इयरप्लग ठेव, गाणं त्यानं बिघडत नाही.

प्रश्न: मालवणहून लिहितेय. कॉन्सर्टहून परतताना बॅग आलीच नाही, त्यात टूरचे टी-शर्ट आणि पोस्टर होतं. विमान कंपनी नुसती "बघतो" म्हणते. रात्रीची गाडी पकडायची होती म्हणून मी काउंटरवर लिहून न देताच निघाले.

उत्तर: विमानतळ सोडायच्या आधीच तक्रार लिहून पावती घ्यायची असते, गाडी चुकली तरी. तरीपण हातपाय गाळू नका, आजच ईमेलनं लेखी तक्रार करा, बोर्डिंग पास आणि बॅगेच्या टॅगचा फोटो जोडा, आत काय होतं त्याची यादी आणि बिलं द्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग उशिरा आली तर ती हातात पडल्यापासून 21 दिवसांत आणि फुटकी तुटकी आली तर 7 दिवसांत लेखी दावा करावा लागतो, तोंडी बोललेलं धरत नाहीत. पोस्टरची किंमत लिहिताना संकोच करू नका, बिल असेल तर लावाच.