वाचकांचे प्रश्न : थोरली शिकली त्याच शाळेत धाकटा मागे का?

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझी थोरली मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथी शिकली आणि आज आठवीत तिचा नंबर पहिल्या तिघांत असतो. धाकटा मुलगा त्याच शाळेत तिसरीत आहे; त्याला वजाबाकी येत नाही आणि वाचताना तो अडखळतो. थोरलीच्या बाईंची बदली झाली, आणि आता चार वर्ग दोन गुरुजींकडे आहेत. ‘त्या शाळेत आता काही राहिलेले नाही’ असे म्हणून जाऊबाईंनी आपली दोन्ही मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली. शेजारची पहिलीतली मुलगी मात्र उड्या मारत शाळेत जाते आणि तिची आई शाळेविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. कोणाचे खरे मानावे? मुलाला तिथून काढावे का?

उत्तर : ताई, तुमच्या जाऊबाईंचेही खरे आहे आणि शेजारणीचेही. दोन-तीन शिक्षकांच्या शाळेत ‘शाळा’ म्हणजे त्या वर्षी आपल्या मुलाचा वर्ग ज्याच्या हाती आहे तो शिक्षक, इतकाच अर्थ पालकांपुरता उरतो. तुमच्या मुलीची शाळा त्या बाईंबरोबर बदलून गेली. इमारत तेवढी मागे राहिली आणि गाव त्या इमारतीवरून भांडत आहे.

दोन गुरुजी आणि चार वर्ग हा कोणाचा आळस नव्हे, हेही समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक आणि 61 ते 90 मुले असतील तर तीन शिक्षक असावे लागतात. म्हणजे 55 मुलांच्या शाळेत दोन्ही पदे भरलेली असली, तरी प्रत्येक गुरुजींसमोर दोन वर्ग बसणार. एका वर्गाला फळ्यावरची गणिते लावून द्यायची आणि तोवर दुसऱ्याला शिकवायचे. त्यातला एक जण प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाकडे येतात. पट 61 च्या खाली घसरला की तिसरे पद जाते, आणि मुले काढून नेणाऱ्या घरांमुळेच पट घसरतो. जाऊबाईंना हे ऐकवू नका. आपल्या मुलांचा विचार त्यांनी आधी केला, यात चूक काही नाही.

आता तुमच्या मुलाकडे वळू. गावाचे मत घेण्याआधी अर्धा तास त्याच्याशेजारी बसा. पाठ्यपुस्तकातला शिकवून झालेला धडा तो घडाघडा वाचेल, पण त्याने फसू नका, कारण तिसरीतल्या पुष्कळ मुलांना धडा पाठ असतो. ओळीच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा, किंवा घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावरचा मराठी मजकूर वाचायला द्या. मग 52 वजा 27 मांडायला सांगा. उत्तर 35 आले, तर त्याने सातातून दोन वजा केले आहेत. लहान अंक मोठ्यातून काढायचा एवढेच त्याला ठाऊक आहे आणि दशक सुटा करणे त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे करून द्या आणि एक गठ्ठा त्यालाच सोडू द्या. काड्यांनी उत्तर 25 येत असेल, तर महिना-दोन महिन्यांच्या सरावाचा प्रश्न आहे. तेही येत नसेल, तर तो दुसरीच्याही मागे आहे आणि शाळा बदलली तरी ती उणीव त्याच्याबरोबर जाईल. तिथे ती इंग्रजी पुस्तकांखाली झाकली जाईल, एवढेच.

ती वही घेऊन गुरुजींना भेटा. ‘शिकवत नाही’ असे म्हणू नका, ‘हे 35 कसे आले?’ असे विचारा. पालकांना मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे कायद्याच्या कलम 24 प्रमाणे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, तेव्हा संकोचाचे कारण नाही. उत्तर टाळाटाळीचे मिळाले, तर विषय शाळा व्यवस्थापन समितीत न्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. प्रत्यक्षात अनेक गावांत इतिवृत्त घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि आपण सदस्य आहोत हे बाईला सहीच्या वेळी कळते. म्हणून तुमच्या समितीत कोण आहे ते आधी विचारा. पद रिकामे असेल, तर समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावा. एकट्या आईच्या अर्जापेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते.

माझे मत विचाराल, तर हे वर्ष मुलाला काढू नका. दिवाळीनंतर पुन्हा तीच वजाबाकी घाला आणि मग ठरवा.

प्रश्न : आम्ही मुलीला खासगी शाळेतून काढून पुन्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत घालणार आहोत. फी थकल्यामुळे खासगी शाळा दाखला देत नाही. प्रवेश अडेल का?

उत्तर : अडू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. दाखल्यासाठीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि मुलीला उद्याच नव्या शाळेत बसवा. थकलेल्या फीचा हिशेब तुम्ही आणि ती शाळा यांच्यात राहील. त्यापायी मुलीने घरी बसायचे कारण नाही.