डिवचणं, चिथावणं, भडकवणं: कुठे कोणता शब्द?

तुम्ही विचारलंय की ‘प्रोव्होक’साठी डिवचणे, चिथावणे आणि भडकवणे यांतला नेमका शब्द कोणता. सगळीकडे चालेल असा एक शब्द नाही. राग कुणावर निघणार ते आधी बघा, बराचसा गोंधळ तिथेच सुटतो.

डिवचण्यात दोघंच असतात. मूळ अर्थ टोकदार वस्तूने टोचणं. सापाला काठीने डिवचलं तर तो काठीवाल्यावरच येतो. चिथावण्यात बहुधा तिसरा असतो: चिथावणारा बाजूला राहतो, चिथावलेला उठतो तो भलत्याच कुणावर तरी. म्हणून ‘त्याने माझ्या उंचीवरून मला चिथावलं’ हे खटकतं, तिथे ‘डिवचलं’च हवं. उलट जमावाला कुणी डिवचून दुसऱ्याच्या अंगावर सोडत नाही, चिथावून सोडतो.

भडकवणे वापरताना एक चूक फार होते. ‘मी त्याला डिवचलं, पण तो शांत राहिला’ हे वाक्य बरोबर आहे. ‘चिडवलं, पण चिडला नाही’ हेही. पण ‘भडकवलं, पण भडकला नाही’ जमत नाही, कारण या क्रियापदात परिणाम धरलेलाच आहे. तिथे ‘भडकवायचा प्रयत्न केला’ लिहा. ‘चिथावणी दिली’ म्हटलं की परिणाम मोकळा राहतो. बातमी लिहिताना हा फरक सांभाळायलाच हवा. नाहीतर न घडलेली गोष्ट घडल्यासारखी वाचली जाते.

चिडवण्यात लाडही असू शकतो, खिजवण्यात समोरच्याच्या जळफळाटाची मजा घेणं असतं. भांडणाला निमित्त हवं म्हणून मुद्दाम काही केलं तर ती कुरापत. दोघांत भांडण लावून देणं म्हणजे कळ लावणे. तेच हळूहळू, एकाच्याच कानाशी चाललं असेल तर कान भरणे. फूस लावण्यात राग नसला तरी चालतं, आमिषही पुरतं. ‘उकसवणे’ मात्र हिंदीतून आलंय. वरचे इतके शब्द हाताशी असताना मी ते वापरणार नाही.

विशेषणांत ‘भडक भाषण’ लिहू नका. भडक म्हणजे डोळ्यांत खुपणारं, अतिरंजित. राग पेटवणारं भाषण प्रक्षोभक किंवा चिथावणीखोर. माणसाला चिथावणीखोर म्हणता येतं, प्रक्षोभक सहसा म्हणत नाहीत. आणि ‘दंगलीसाठी प्रेरित केलं’ टाळाच: प्रेरणेला चांगला वास आहे. वाईट कामासाठी ‘प्रवृत्त केलं’ चालतं, कायद्याच्या भाषेत त्याला अपप्रेरणा म्हणतात.

राग नसून नुसती प्रतिक्रिया असेल तर हे सगळे शब्द बाजूला ठेवा. लेख विचारप्रवर्तक असतो, प्रश्न विचारांना चालना देतो, विनोदावर हशा पिकतो. मानसशास्त्रात उद्दीपक आणि प्रतिसाद ही जोडी रूढ आहे. आणि धुळीमुळे जुना दमा वाढला तर धूळ त्याला भडकवत नाही, दमा उचल खातो.