नागपूरला ड्राय स्कॅलॉप, सुके झिंगे आणि चायनीज नूडल्सचं सामान कुठं भेटेल?

तुम्हाला घरी हाँगकाँगसारखं नूडल सूप करायचंय आणि त्यासाठी ड्राय स्कॅलॉप (एका शिंपल्याचं वाळवलेलं मांस), समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव), सुके झिंगे आणि ते पिवळे चिवट नूडल्स पाहिजेत. एकाच दुकानात सगळं भेटेल ही आशा आधी सोडून द्या, पण सूप नागपुरात नक्की होतं आणि मस्त होतं.

सुरुवात झिंग्यांपासून करा. मंगळवारी बाजारात नाहीतर भोईपुऱ्याच्या मच्छी मार्केटात सुकी मासोळी विकायला बसतात ना, त्यांच्याकडे सोललेले मोठे सुके झिंगे मागा, म्हणजे कोकणातले सोडे. जवळा म्हणजे एकदम बारीक झिंगे नको, तो सूपमध्ये नुसता चुरा होऊन तरंगतो. मूठभर हातात घेऊन वास घ्या, समुद्राचा वास आला तर ठीक, नाकात झोंबला की ठेवून द्या, आणि रंग भडक गुलाबी असला तरी घेऊ नका. चिनी झिंगे आधी मिठाच्या पाण्यात उकडून मग वाळवतात म्हणून ते गोडसर लागतात, आपले जरा उग्र असतात, त्यामुळे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पहिलं पाणी फेकून द्या.

स्कॅलॉप मी तरी इथं कुठं विकायला पाहिलं नाही, आणि खरं सांगू का, त्याच्यामागे लागून महिने घालवू नका. सुकं शिताके मशरूम ऑनलाइन आरामात भेटतं, ते रात्रभर थंड पाण्यात फ्रिजमध्ये भिजवा आणि ते पाणी जपून ठेवा, कारण शिताकेतलं ग्वानिलेट हे द्रव्य झिंग्यातल्या ग्लुटामेटची (म्हणजे अजिनोमोटोसारखी) चव कितीतरी वाढवतं, दोन्ही एकत्र उकळले की स्कॅलॉपची उणीव फार जाणवत नाही. समुद्रकाकडीची मात्र चौकशीसुद्धा करू नका, 2001 पासून ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पकडणं-विकणं दोन्ही गुन्हा.

सॉस वगैरे पाहिजे असेल तर कलकत्त्याचा टिरेटा बाजार, तिथला जुना चिनी मोहल्ला. गीतांजली, हावडा मेल ह्या गाड्या नागपूरवरूनच जातात, ओळखीचं कोणी येऊन राहिलं असेल तर यादी देऊन ठेवा.

आता नूडल्स, माझा सगळ्यात आवडता भाग. पाकिटातले हाक्का नूडल्स ह्या सूपमध्ये मऊ पडतात. तो पिवळेपणा आणि चिवटपणा येतो क्षारामुळे, आणि तो क्षार आपल्या घरातच आहे हो! खायचा सोडा ट्रेमध्ये पातळ पसरून ओव्हनमध्ये 120 ते 130 डिग्रीवर तासभर भाजा, 100 ग्रॅमचा साधारण 63 ग्रॅम उरतो, तो झाला सोडियम कार्बोनेट. 100 ग्रॅम मैद्याला 1 ग्रॅम हा भाजलेला सोडा, 1 ग्रॅम मीठ आणि 36-37 ग्रॅम पाणी, सोडा आणि मीठ आधी पाण्यात विरघळवून घ्या. पाणी पडलं की पांढरा मैदा डोळ्यासमोर फिकट पिवळा होतो, रंग टाकायची गरजच नाही. गोळा घट्ट, भुसभुशीत होईल, घाबरून पाणी वाढवू नका, झाकून तासभर ठेवा मग लाटा. इतवारीत भेटणारा पापडखारही चालतो, पण तो सगळीकडे सारखा नसतो, अर्ध्या ग्रॅमपासून सुरू करा, जास्त झाला की तोंडात साबणासारखं लागतं. भाजलेला सोडा ओल्या हातानं धरू नका आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका.

सुके झिंगे आणले की हवाबंद डब्यात थेट फ्रीझरमध्ये टाका. आपल्याकडचा मे महिना आणि त्यानंतरची पावसाळी ओल, दोन्हीत बाहेर ठेवलेला माल टिकत नाही, एकतर कुबट होतो नाहीतर किडे पडतात, आणि मग अख्ख्या किचनमध्ये वास.