डॉक्टरांनी एकदाच बीपी मोजून गोळी सुरू केली. निदान बरोबर असेल का?

तुम्ही लिहिलंय की घराजवळच्या दवाखान्यात बाबांचा बीपी १५४/९६ निघाला आणि त्याच दिवशी गोळी लिहून दिली. मी नागपुरातच जनरल प्रॅक्टिस करतो, त्यामुळे हे आमच्याच जमातीबद्दल आहे.

१४०/९० ही हाय बीपीची रेषा कुठल्याही डॉक्टरला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. घोडं अडतं ते मोजताना. बाहेर गर्दी असली की पेशंट जिना चढून आला रे आला, पट्टा बांधला. खरं तर त्याला पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर. मोजताना गप्पा बंद, नाहीतर नुसत्या बोलण्याने आकडा चढतो. अर्धा तास आधीपासून चहा नको, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तर नकोच. आपल्याकडे खर्ऱ्याचं वेगळं विचारावं लागतं. ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की लोक बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतात!

पट्ट्याकडेही बघा. बऱ्याच दवाखान्यांत एकच पट्टा असतो आणि जाड दंडाला तो लहान पडला की बीपी उगाच जास्त दिसतो. शर्टाच्या बाहीवरून बांधलेला तर धरूच नका. बाकी तुमचा १५४/९६ हा आकडा बघून मला जरा बरं वाटलं. फाइलमध्ये १५०/९०, १६०/१०० असे सगळेच शून्यावर संपणारे आकडे असले की समजावं, अंदाजाने लिहिलेत.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर, मिनिटभराच्या अंतराने किमान दोनदा मोजायला हवं, आणि मग वेगळ्या दिवशी पुन्हा. १८०/११० च्या वर असेल किंवा हृदय-किडनीचा त्रास असेल तर थांबण्यात अर्थ नाही, पण बाबांच्या आकड्यावर दुसऱ्या भेटीपर्यंत थांबता आलं असतं.

आता गोळी मनाने बंद करू नका. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी मर्यादा १३५/८५ ची धरतात. गोळी चालू असल्याने कमी आलेला आकडा म्हणजे निदान चुकलं असं नाही. तो कागद डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवा. मे महिन्यात बाबांना उठताना चक्कर आली तर उभं करूनही मोजायला सांगा, उन्हाळ्यात बीपी उतरतो आणि डोस कमी करावा लागू शकतो.