ग्राफ डेटाबेसमधील क्वेरी मंदावते तेव्हा

प्रश्न : आम्ही निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये (घटक आणि त्यांच्यातील संबंध साठवणाऱ्या प्रणालीत) व्यक्ती आणि त्यांच्या परस्पर ओळखी साठवतो. ईमेलवरून एक व्यक्ती शोधून तिच्यापासून पाच टप्प्यांपर्यंतच्या सर्व व्यक्ती काढणारी, सायफर या निओफोरजेच्या क्वेरी भाषेतील क्वेरी पूर्वी चटकन उत्तर देत असे. नोंदी वाढल्यावर मात्र तिला काही मिनिटे लागतात. सर्व्हरची मेमरी दुप्पट करूनही फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : मेमरीवर खर्च करण्याआधी क्वेरीच्या सुरुवातीला ‘प्रोफाइल’ हा शब्द लिहून ती एकदा चालवायला हवी होती. ‘एक्स्प्लेन’ केवळ नियोजित पायऱ्या दाखवते. ‘प्रोफाइल’ मात्र क्वेरी प्रत्यक्ष चालवून प्रत्येक पायरीतून किती ओळी बाहेर पडल्या आणि डेटा किती वेळा वाचावा लागला, हे आकड्यांत सांगते.

त्यात सुरुवातीची पायरी ‘नोडबायलेबलस्कॅन’ असेल, तर एका व्यक्तीसाठी सगळ्या व्यक्ती तपासल्या जात आहेत. ईमेलवर इंडेक्स (हवी ती नोंद थेट शोधून देणारी सूची) करावा. इंडेक्स असूनही वापरला जात नसेल, तर अटीत ईमेलचे लहान अक्षरांत रूपांतर होते आहे का ते पाहावे. तसे असल्यास ईमेल साठवतानाच लहान अक्षरांत साठवावा.

तुमच्या बाबतीत खरे दुखणे बहुधा त्या पाच टप्प्यांत आहे. प्रत्येक व्यक्तीच्या सरासरी 50 ओळखी धरल्या, तर तिसऱ्या टप्प्यावर सुमारे सव्वा लाख आणि पाचव्यावर 31 कोटींहून अधिक मार्ग होतात, मग डेटाबेसमध्ये व्यक्ती जेमतेम लाखभर का असेनात. याचे कारण असे की, सायफर एका मार्गात तोच संबंध पुन्हा वापरत नसले, तरी त्याच व्यक्तीपाशी वेगवेगळ्या वाटांनी पुनःपुन्हा पोहोचते. तुम्हाला वाटा नको आहेत, माणसे हवी आहेत; म्हणून मार्गाला नाव न देता, टप्प्यांची कमाल मर्यादा लिहून ‘डिस्टिंक्ट’ (प्रत्येक एकदाच) व्यक्ती मागवाव्यात, म्हणजे डेटाबेसला पुनरावृत्ती वाटेतच छाटणारी पायरी निवडता येते. ती निवडली गेली का, हे पुन्हा प्रोफाइलमध्येच पाहावे. तेथे ‘प्रूनिंग’ हा शब्द दिसला पाहिजे.

संबंधाचा प्रकार लिहायला विसरू नये, अन्यथा ओळखींबरोबर इतर सर्व संबंधही धुंडाळले जातात. एखाद्या नोडला (व्यक्तीसारख्या साठवलेल्या घटकाला) लाखो संबंध चिकटलेले असतील, तर त्याच्यावरून जाणारी प्रत्येक वाट तेथे फुगते. अशा वेळी ‘जवळची ओळख’ हे संबंधाच्या गुणधर्मात लिहून नंतर गाळण्यापेक्षा त्याचा स्वतंत्र प्रकारच करावा, कारण गुणधर्म तपासण्यासाठी प्रत्येक संबंध वाचावा लागतो.

मेमरी निरुपयोगी आहे असे नाही. पेज कॅशमध्ये (डिस्कवरील डेटा हाताशी ठेवणाऱ्या मेमरीच्या भागात) डेटा मावत नसेल, तर डिस्कवरील वाचनाने गती घटतेच. परंतु कोट्यवधी अनावश्यक मार्ग मेमरीतून वाचले तरी ते मोजावेच लागतात. बदलाआधीची आणि नंतरची वेळ घेताना पहिली फेरी सोडून द्यावी, कारण तेव्हा कॅश रिकामा असू शकतो.